ती माझ्या सांगण्यात नाही

३ मार्च

प्रिय टिटवी,

आशीर्वाद आधीच देऊन टाकते, कारण पुढचं वाचल्यावर तू ते घेण्याच्या मनःस्थितीत राहणार नाहीस. हे फोनवर सांगितलं नाही. फोनवर मला निम्मंच ऐकू येतं, आणि उरलेलं निम्मं तू ओरडून बोलतेस.

काल उच्च न्यायालयात आपल्या याचिकेची तारीख होती. माझा प्रश्न एवढाच, की आरोग्य निरीक्षकांच्या निम्म्याहून जास्त जागा वर्षानुवर्षं रिकाम्या का. आपल्या गावच्या निरीक्षकाच्या खोलीत आता झाडू आणि मोडक्या खुर्च्या ठेवतात. शेजारच्या गावच्या माणसाकडे इथला 'अतिरिक्त कार्यभार' दिलाय, पण तो बिचारा स्वतःच्याच गावाला पुरत नाही. गटाराला चिकटून गेलेली पाण्याची नळी कोणी बघितली नाही, अर्ध्या गावाला कावीळ झाली आणि चावीवाल्याची बायको सातव्या महिन्यात पोटातल्या बाळासकट गेली. चावीवाला तुला आठवत असेल, पालिकेचं पाणी सोडायला लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून हिंडतो तो. ती गेली तेव्हा मी तिच्या उशाशी होते. इतकी वर्षं नर्स म्हणून बाळंतपणं केली, पण माझा हात धरून "मला वाचवा" म्हणणारीला मी काहीच करू शकले नाही, असं पहिल्यांदाच झालं. म्हणून कोर्टात गेले.

काल सरकारी वकील उठले आणि म्हणाले, "साहेब, ही याचिका जनहिताची नाही, घरच्या हिताची आहे. याचिकाकर्त्या बाईंची सख्खी भाची याच पदाच्या प्रतीक्षा यादीत बसली आहे. आडनावसुद्धा तेच." मी लग्न केलं नाही त्याची फळं अजून भोगते आहे बघ. नवऱ्याचं आडनाव लागलं असतं तर यांना पत्ताही लागला नसता.

कोर्टात हशा पिकला. न्यायमूर्ती मात्र हसले नाहीत. पुढच्या तारखेला समाधानकारक खुलासा द्या, नाहीतर याचिका फेटाळू, म्हणाले.

आपले वकीलसाहेब म्हणतात, तू यादीतून नाव मागे घेतलंस तर प्रश्नच मिटला. नाहीतर मी बाजूला व्हावं आणि दुसऱ्या कोणाला उभं करावं. मग बाहेर जिन्यात आवाज खाली आणून त्यांनी आणखी एक सुचवलं. आपलं नातं तुटलंय असं दाखवायचं. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची आणि ती प्रतिज्ञापत्राला जोडायची. ते मी करणार नाही. बाकीच्याबद्दल तू काय म्हणतेस?

तुझी
आत्या

११ मार्च

आत्या, नमस्कार.

काय म्हणतेस असं विचारलंस म्हणून सांगते. नाही. नाव मागे घेणार नाही.

मी इथे काय करते ते तुला माहीत आहे. बिस्किटांच्या कारखान्याच्या दारात उभी राहून आत येणाऱ्या बायकांची नखं बघते आणि त्यांच्या केसांवरची जाळी सरळ करते. सगळे मला नखंवाली म्हणतात. निरीक्षकाचं शिक्षण घेतलं, परीक्षा पास झाले, यादीत नाव लागलं, आणि सरकार जागाच भरत नाही म्हणून तिथेच अडकून पडले. वर्ष संपलं की यादी रद्द होईल. नवी परीक्षा देता येणार नाही, वय उलटून गेलं. म्हणजे यानंतर काही नाही, आत्या. जन्मभर नखं.

तू याचिका केलीस तेव्हा मी खोलीत एकटीच नाचले होते. मला वाटलं, आत्या आहे म्हणून माझा नंबर लागेल. आता आत्या आहे म्हणूनच तो जाणार?

तू का बाजूला होत नाहीस? गावात दुसरं कोणी माणूस नाही का? की पेपरात फोटो छापून आल्यावर आता खुर्ची सोडवत नाही?

आणि ती नोटीस द्यायला काय हरकत आहे? कागदच तर आहे. तू मला ओळखतेस, मी तुला ओळखते. बाकीच्यांना काय वाटायचं ते वाटू दे.

टिटवी

१९ मार्च

प्रिय टिटवी,

फोटोचं आधी. त्या फोटोत माझा एक डोळा मिटलाय आणि तोंड उघडं आहे. मिरवायचंच असतं तर निदान तोंड तरी मिटलं असतं.

गावात विचारून झालं. तुझे हेडमास्तर म्हणाले, "मला रक्तदाब आहे." औषधाच्या दुकानदाराला परवान्याची भीती. ज्यांच्या घरात कावीळ झाली ते म्हणतात, आता बरे झालो ना, कशाला उकरून काढायचं? शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे वाक्य या महिन्यात मी इतक्या शहाण्यांकडून ऐकलं की मूर्ख मी एकटीच उरले.

शेवटी चावीवाल्याकडे गेले. त्यानं दार उघडलं, पण आत या म्हणाला नाही. म्हणाला, "सिस्टरबाई, माझी नोकरी पालिकेत. आणि त्या दिवशी पाणी मीच सोडलं होतं. माझं नाव कोर्टात नको." मी म्हटलं, तुझा काय दोष? त्यानं दार लोटून घेतलं. मी परत आले.

राहिली नोटीस. नुसती नोटीस नाही, तिच्यामागे प्रतिज्ञापत्र आहे. शपथेवर सांगायचं की तू माझी कोणी नाहीस. दादा ट्रक घेऊन पंधरा पंधरा दिवस बाहेर असायचा आणि तू माझ्याकडे असायचीस. तुला दात आले ते माझ्या बोटावर. ते कसं खोडू?

नाव मागे घे, असं मी तुला म्हणणार नाही. पण म्हणू नये, हे रोज स्वतःला बजावावं लागतं, हेही खरं. अशा रिकाम्या खोल्या गावोगाव आहेत. प्रत्येक गावात कोणीतरी सातव्या महिन्यातली असणारच.

जेवत जा.

आत्या

२८ मार्च

आत्या,

बायका मरतात म्हणून तू कोर्टात गेलीस. मी जिवंत आहे, म्हणून माझा नंबर लागत नाही. एवढंच ना?

'म्हणणार नाही' असं लिहून तू ते म्हणालीसच. गावोगावच्या बाया दिसतात तुला. काल कारखान्याच्या दारात सहा तास उभं राहून माझे पाय सुजले, ते नाही दिसत. मी तुझ्यासारखी मोठी नाही. मला नोकरी पाहिजे. माझ्या कष्टाची, परीक्षा देऊन मिळवलेली, कोणाच्या वशिल्याची नव्हे. त्यासाठी तुझ्याकडून फक्त चार ओळी मागते आहे, आणि तू दातांच्या गोष्टी सांगतेस.

नोटीस दे. नाही दिलीस तर नातं खरंच उरलं नाही असं मी समजेन, मग शपथेवर सांगायला तुला जडही जाणार नाही.

१४ एप्रिल

टिटवी,

तुझ्या मनासारखं केलं. नोटीस उद्याच्या अंकात येईल. प्रतिज्ञापत्रावर सही केली.

निकाल लागेपर्यंत मला पत्र लिहू नकोस, आलं तरी मी उत्तर देणार नाही. वकीलसाहेबांनी तसं बजावलं आहे. पुढची तारीख आठ मे.

आत्या

२२ एप्रिल

आत्या,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहिते आहे. नाहीतरी मी तुझ्या सांगण्यात नाही असं सगळ्यांना कळलंच आहे.

पेपर उपाहारगृहात पडला होता. आमच्या सुपरवायझरला जाहिराती वाचायची सवय. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं त्यानं. "माझी भाची ही माझ्या सांगण्यात नाही. तिच्या वर्तनामुळे मी तिच्याशी असलेले सर्व संबंध तोडले आहेत. तिच्याशी कोणी कसलाही व्यवहार केल्यास त्यास मी जबाबदार नाही." खाली तुझं नाव, वर माझं पूर्ण नाव. मग म्हणाला, "काय नखंवाली, काय प्रताप केलेत?"

बायका हसल्या नाहीत, ते जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी एकीनं नखं दाखवताना हळूच विचारलं, "कोणाबरोबर पळून गेली होतीस का गं?" मी नाही म्हटलं. तिला पटलं नाही. आत्यानं उगाच कोण असं छापेल?

बाबांचा फोन आला. आधी तुला शिव्या दिल्या, मग मला. मी त्यांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "कोर्टासाठी केलंत ते ठीक आहे, पण 'वर्तनामुळे' कशाला घालायचं?" वकिलांचा ठरलेला मजकूर असणार, मला कळतं. मीच मागितलं होतं, तेही कळतं. तरी वाचताना मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? वाटलं, आत्याला खरंच असं वाटत असेल. शेवटचं पत्र मी तसंच तर लिहिलं होतं.

नुसतं 'बरी आहे' एवढं लिही. पत्रावर नाव घालू नकोस.

टिटवी

५ मे

आत्या,

तेरा दिवस झाले, उत्तर नाही. उत्तर येणार नाही हे सांगितलं होतंस, पण तू सांगितलेलं इतकं तंतोतंत करशील असं वाटलं नव्हतं.

आठ तारखेला तू त्या पिंजऱ्यात उभी राहणार आणि न्यायमूर्ती विचारणार, हे खरं का? रोज तेच डोळ्यांसमोर येतं. तुला खोटं बोलता येत नाही. शेजारणीनं केलेला चहा कसा झाला विचारलं तर तू "पाणी गरम होतं" म्हणतेस. तू अडकशील. शपथेवर खोटं बोललीस म्हणून तुला आत टाकतील, आणि ते माझ्यामुळे.

नाव मागे घ्यायचा अर्ज लिहून ठेवला आहे. दहा तारखेला सुट्टी आहे, त्या दिवशी जाऊन स्वतः देते. आठ तारखेला तू वकिलांना एवढंच सांगायला सांग, की भाची नाव मागे घेते आहे. हे पत्र वेळेवर मिळो. फोन लावला तर तू उचलत नाहीस.

टिटवी

९ मे

टिटवी,

दादाकडून निरोप गेलाच असेल, अर्ज फाडून टाक. फाडला नसशील तर आधी फाड आणि मग पुढे वाच. तुझं पत्र काल संध्याकाळी कोर्टातून परत आले तेव्हा दारात पडलेलं मिळालं.

काल प्रतिज्ञापत्र, नोटीस, सगळं वाचून झालं. न्यायमूर्तींनी चष्मा काढला आणि मलाच पुढे बोलावलं. मला वाटलं कायद्याचं काही विचारतील. वकीलसाहेबांनी पढवून ठेवलं होतं. त्यांनी विचारलं, "बाई, भाचीचं वर्तन म्हणजे नेमकं काय?"

हे कोणी पढवलं नव्हतं. काहीतरी बनवून सांगायला हवं होतं. उद्धटपणे बोलली, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं, आणि ते खोटंही नव्हतं! पण तुझ्याबद्दल वाईट एक शब्द, भर कोर्टात, शपथेवर? जीभ उचलेना. वकीलसाहेब खोकून खुणावत होते.

मी म्हटलं, "साहेब, तिचं वर्तन चांगलं आहे. कागद खोटा आहे. ती माझी भाची आहे, मी वाढवलेली आहे. तिला ही नोकरी मिळावी असं मला वाटतं, कोणत्याही आत्याला वाटेल. पण जी मेली ती माझी कोणी नव्हती. तिच्यासाठी मी आले."

मग व्हायचं ते झालं. सरकारी वकिलांना तर आयतं कोलीत मिळालं. न्यायमूर्ती फार रागावले. खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल याचिकेतून मला काढून टाकलं आणि कोर्ट उठेपर्यंत मागे भिंतीशी उभं राहायची शिक्षा दिली. नर्सला उभं राहायची शिक्षा म्हणजे माशाला पाण्यात सोडण्यासारखं. पण मान वर करवत नव्हती, खोटं कशाला सांगू? वकीलसाहेबांनाही खरमरीत सुनावलं. ते माझ्याशी वाटेत एक अक्षर बोलले नाहीत.

एवढं मात्र न्यायमूर्ती म्हणाले, की प्रश्न खरा आहे. आठ दिवसांत ज्याला थेट झळ बसली आहे असा कोणी याचिकाकर्ता उभा राहिला तर पुढे ऐकू, नाहीतर विषय संपला. तुझ्या यादीतल्या जागेला धक्का नाही. ती परीक्षेनं मिळालेली आहे.

आज सकाळी चावीवाल्याकडे गेले. नाव दे म्हणायला नव्हे. सगळं बुडवून बसले हे त्याच्या कानावर माझ्या तोंडून जावं, म्हणून. या वेळी त्यानं आत बोलावलं. ऐकून घेतलं. मग विचारलं, "कागद खोटा आहे असं तुम्ही स्वतः सांगितलंत? सगळ्यांच्या समोर?"

"हो."

"आणि त्यांनी उभं केलं?"

"दुपारभर."

त्यानं कोपऱ्यातली लोखंडी चावी जवळ ओढली. मग म्हणाला, "सिस्टरबाई, त्या दिवशी पाण्याला वास येत होता. मला आला होता. सांगायचं कोणाला? खोलीला कुलूप." आणि रडायला लागला. मीही रडले. शेवटी तोंड धुऊन म्हणाला, "सही कुठे करायची?"

तो सही करतोय हे कळल्यावर पालिका त्याला सुखानं जगू देणार नाही. ते त्यालाही माहीत आहे.

तुझ्यावर राग नाही. होता, पण उभ्या उभ्या पायांतून उतरला.

आत्या

३० जुलै

प्रिय टिटवी,

निकाल लागला! तुला कळलं असेलच, पण मलाही सांगू दे. सगळ्या रिकाम्या जागा भरायच्या, आहे त्याच यादीतून, यादी संपायच्या आत. सरकारी वकील मुदत मागत होते, मिळाली नाही. चावीवाला निकाल ऐकून बाहेर आला आणि पायरीवर बसून राहिला. त्याची बदली गावाबाहेरच्या पंपघरावर झाली आहे. रोज सायकलनं जातो. मी चुकचुकले तर म्हणाला, "तिथे निदान येता-जाता घरातली तिची शिवणाची मशीन दिसत नाही."

यादीत तुझा नंबर वर आहे, म्हणजे गाव निवडायला मिळेल. इथली जागा माग. मागची खोली रंगवून घेतली आहे, खिडकीला जाळी बसवली आहे. निरीक्षकाच्या घरात डास शिरलेले बरे दिसत नाहीत. माझ्या उजव्या डोळ्यावर पडदा आलाय, शस्त्रक्रिया करावी लागेल म्हणतात. पण ते तू आल्यावर बघू. कधी येतेस ते कळव.

तुझी
आत्या

१७ सप्टेंबर

आत्या,

काल आम्हा सगळ्यांना मोठ्या दालनात बोलावलं होतं. भिंतीवर गावांची नावं होती. नंबर पुकारला की जायचं आणि गाव सांगायचं. माझा नंबर आला तेव्हा आपलं गाव रिकामं होतं. कारकुनानं माझा पत्ता बघितला आणि हसून म्हणाला, "घरचंच लिहू ना?" पेन टेकवलंसुद्धा.

मी नको म्हटलं.

अगदी शेवटच्या थांब्याचं गाव घेतलं, दोन दिवसांच्या प्रवासाचं. तिथे सतरा वर्षं कोणी निरीक्षक गेला नाही. मी आपल्या गावात येऊन बसले असते, आत्या, तर त्या सरकारी वकिलाचं वाक्य खरं झालं असतं. घरच्या हिताची याचिका. मी निरीक्षक म्हणून कोणालाही नोटीस दिली असती तर म्हणाले असते, आत्यानं आणून बसवली. चावीवाल्याच्या सहीलाही डाग लागला असता. भर कोर्टात माझं वर्तन चांगलं आहे म्हणालीस, ते मला खरं करायचं होतं.

खोलीचं वाचलं होतं. डोळ्याचंही. सगळं माहीत असून नको म्हटलं. शस्त्रक्रियेला रजा काढून येईन, बाबांशी बोलले आहे. राग येऊ दे, पण पत्र थांबवू नकोस. मागच्या वेळचे ते दिवस मला परत नकोत.

तुझी
टिटवी

२ नोव्हेंबर

प्रिय टिटवी,

तुझं पत्र वाचून मी आठवडाभर तुझ्याशी बोलले नाही. तुला कळलं नाही, कारण तू इथे नव्हतीस.

मला तू इथे हवी होतीस. म्हातारपणी माणूस स्वार्थी होतं आणि मी त्याला अपवाद नाही. तू चूक केलीस असं म्हणत नाही. बरोबर केलंस असं म्हणायला मात्र थोडे दिवस दे.

इथे आलेला निरीक्षक म्हणजे काडीपैलवान आहे. झाडू आणि मोडक्या खुर्च्या स्वतः बाहेर काढल्या. त्याला गावात कोणी जागा देईना. निरीक्षक घरात ठेवायचा म्हणजे रोज तपासणी, असं लोकांना वाटतं. मागची खोली त्याला दिली. खिडकीची जाळी बघून म्हणाला, "एक कोपरा सुटलाय." तूही हेच म्हणाली असतीस. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पण कामाचा आहे. आल्या आल्या नळीच्या कडेनं गटारापर्यंत चालत गेला, पाणी बंद करायला लावलं, पालिकेला सळो की पळो करून नळी उकरून दुसरीकडून घ्यायला लावली. लोक चिडले, टँकरपुढे भांडले, त्यालाही चार शब्द ऐकावे लागले. नव्या नळीचं पाणी दोनदा तपासलं, मगच सोडलं.

काल त्याच गल्लीत गेले होते. एक पोर आहे तिथे, नव्यानं लग्न होऊन आलेली, सातवा लागलाय. आपली कोणी नाही. ती नळाशी आली, ओंजळ धरली आणि तोंडाला लावली. मी तिचा हात धरायला उठले. मग आठवलं, आणि पुन्हा खाली बसले. ती पोटभर प्यायली.

तुझ्या त्या गावचं पाणी कसं आहे ते कळव.

तुझी
आत्या